कोंबडी मेली त्याच्या पाच दिवस आधी

मेलेला पक्षी टेबलावर उताणा ठेवायचा, पिसं पाण्यानं ओली करायची, दोन्ही मांड्या बाजूला मोडून सपाट करायच्या आणि पोटाच्या खालच्या टोकापासून कात्री चालवत छातीचं हाड वर उचलायचं. पक्षी निरोगी असेल तर तेवढ्यात आत एक पडदा दिसतो, साबणाच्या फुग्यासारखा पातळ आणि पारदर्शक. बोट लागलं की फाटतो. ही हवेची पिशवी. ब्रॉयलरच्या शेडमध्ये मरतुक वाढली म्हणून आणलेल्या पक्ष्यात मात्र हा पडदा बहुतेक वेळा दुधाळ आणि जाड झालेला असतो. त्यात नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पिवळा गोळा साठलेला असतो. हृदयावर पांढरी साय चढलेली असते आणि यकृतावरही तसंच आवरण असतं. चिमट्यानं धरलं तर ते सोलून निघतं.

नमुना प्रयोगशाळेत जातो आणि दोन-तीन दिवसांत उत्तर येतं: ई. कोलाय. मग अँटिबायोटिक सुरू होतं. मरतुक थोडी कमी होते, औषध थांबलं की परत वाढते. पुढच्या बॅचला पुन्हा तेच. शेतकरी म्हणतो, आमच्या शेडमध्ये ई. कोलाय घुसलाय.

अहवाल खोटा नसतो. त्या पक्ष्याचा जीव ई. कोलायनंच घेतलेला असतो. पण हा जिवाणू बाहेरून घुसलेला नसतो. तो कोंबडीच्या आतड्यात, विष्ठेत, शेडमध्ये जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या गादीत, पाण्याच्या नळीत आधीपासून असतोच. शेडमधल्या एका ग्रॅम धुळीत त्याची संख्या दहा लाखांपर्यंत जाऊ शकते. पिल्लू पहिल्या दिवसापासून प्रत्येक श्वासाबरोबर तो आत घेत असतं आणि तरीही जगतं, वाढतं. त्यामुळे खरा प्रश्न ई. कोलाय आला कुठून हा नाही. इतके दिवस जो काही करू शकला नाही, त्याला याच आठवड्यात जीव घेणं कसं जमलं, हा आहे.

याचं उत्तर बऱ्याचदा पाच-सहा दिवस मागं सापडतं. त्या दिवसांत एखादा विषाणू येऊन गेलेला असतो. काही पक्षी शिंकले असतील, रात्री दिवे बंद झाल्यावर शेडमध्ये हलकी घरघर ऐकू आली असेल. दोन दिवसांत सगळं शांत झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नसेल.

कोंबडीचा श्वास आपल्यासारखा नसतो

विषाणू नेमकं काय बिघडवतो हे कळायला आधी पक्ष्याची श्वसनसंस्था पाहावी लागते. आपली फुफ्फुसं फुगतात आणि आकसतात. कोंबडीची तसं करत नाहीत. ती लहान आणि घट्ट असतात, बरगड्यांच्या खोबणीत रुतून बसलेली. आपल्यासारखं श्वासपटलही पक्ष्याला नसतं. भात्याचं काम करतात त्या हवेच्या पिशव्या. मानेपासून पोटाच्या टोकापर्यंत अशा आठ-नऊ पिशव्या पसरलेल्या असतात. श्वास घेतला की ताज्या हवेचा मोठा भाग आधी मागच्या, पोटाकडच्या पिशव्यांत जातो. तिथून ती हवा फुफ्फुसातून पुढं सरकते, पुढच्या पिशव्यांत येते आणि मग बाहेर पडते. फुफ्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते, त्यामुळे तिच्यातला प्राणवायू पक्ष्याला फार चांगला वापरता येतो. उडणाऱ्या जीवासाठी ही रचना अप्रतिम आहे.

बंदिस्त शेडमध्ये हीच रचना अंगाशी येते. ताज्या हवेबरोबर आलेली बारीक धूळ थेट पोटातल्या पिशव्यांपर्यंत पोहोचते. या पिशव्यांची भिंत अतिशय पातळ असते, तिच्यात रक्तवाहिन्या विरळ असतात आणि घाण झाडून बाहेर काढणारी लव जवळजवळ नसतेच. तिथं जिवाणूनं बस्तान बसवलं की त्याला हुसकावणं कठीण. शेजारीच यकृत आणि आतडी आहेत, थोडं पुढं हृदय आहे. पिशव्यांचे फाटे काही हाडांच्या पोकळीतही शिरतात. मघाशी टेबलावर दिसलेली हृदयावरची साय आणि यकृतावरचं आवरण यांचा उलगडा या शेजारामुळे होतो.

आणखी एक उणीव आहे. माणसाच्या किंवा गाईच्या फुफ्फुसात भक्षक पेशी कायम गस्तीवर असतात. जिवाणू दिसला की गिळायचा, एवढंच त्यांचं काम. निरोगी कोंबडीच्या श्वसनमार्गात अशा पेशी फार थोड्या सापडतात. शत्रू आत आला की त्यांना रक्तातून बोलवावं लागतं. सगळ्यात आधी धावून येतात त्या हेटरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये जी काही विकरं (एन्झाइम) असतात ती यांच्यात नसतात. म्हणून कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही, तो घट्ट होऊन तिथंच साठतो. तो पिवळा चोथा म्हणजे या लढाईचा ढिगारा. त्याच्या आत ना रक्त पोहोचतं, ना रक्तातून येणारं औषध.

आत बंदोबस्त असा तोकडा असल्यामुळे कोंबडीची सगळी भिस्त वेशीवरच्या पहाऱ्यावर असते. ही वेस म्हणजे नाक आणि श्वासनलिका.

मखमल गळून पडते तेव्हा

श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याच्याखाली मखमलीसारखी सूक्ष्म लव. ही लव सतत एका लयीत हलत असते आणि चिकट थराला वर, घशाकडे ढकलत असते. हवेतली धूळ आणि जिवाणू त्या थराला चिकटतात, वर येतात, गिळले जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. रात्रंदिवस न थांबता चालणारी ही केरसुणी आहे.

प्रयोगशाळेत ही लव जिवंत पाहता येते. श्वासनलिका काढून तिच्या अगदी पातळ चकत्या कापतात: वरच्या भागातून तीन, मधल्या भागातून चार, खालून तीन, अशा दहा. त्या कोमट पोषक द्रवात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. निरोगी पक्ष्याच्या चकतीत आतली कड थरथरताना दिसते, वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारखी, आणि द्रवातले बारीक कण कडेकडेनं भराभर वाहत जातात. इन्फेक्शिअस ब्रॉन्कायटिस म्हणजे आयबीचा विषाणू देऊन पाच-सहा दिवस झालेल्या, लस न घेतलेल्या पक्ष्याची चकती ठेवली तर काहीच हलत नाही. कड गुळगुळीत, स्तब्ध. आयबीच्या लशीनं संरक्षण मिळालं की नाही हे ठरवायला ही चाचणी जगभर वापरतात. एकदा ही शेजारी-शेजारी ठेवलेली दोन वर्तुळं पाहिली की विषाणू आणि जिवाणू यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आयबीचा विषाणू कोरोनाविषाणूंच्या कुळातला. या आजाराचं पहिलं वर्णन १९३१ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातून आलं. लागण झाल्यावर एक-दोन दिवसांत पक्षी शिंकायला लागतात. श्वासनलिकेत विषाणू मुख्यतः लव असलेल्या पेशींत वाढतो आणि त्या पेशी मरून गळतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस श्वासनलिकेचा मोठा भाग उघडा पडतो. नवी लव उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. एवढा काळ केरसुणी बंद असते आणि धूळ मात्र रोजच्याइतकीच आत येत असते.

नुसत्या आयबीनं ब्रॉयलर सहसा फार मरत नाहीत. या विषाणूच्या काही जाती मूत्रपिंडावर घाला घालतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण साधी आयबी आणि धुळीतला ई. कोलाय एकत्र आले की मरतुकीचा आलेख सरळ वर चढतो. प्रयोगांत हे अनेकदा दाखवून झालं आहे: फक्त ई. कोलाय दिलेल्या पक्ष्यांत हवेच्या पिशव्यांना थोडी सूज येते आणि ती ओसरते. आधी आयबी आणि काही दिवसांनी ई. कोलाय दिलेल्या पक्ष्यांत तीच सूज टिकते, वाढते, चोथा साठतो.

लशीच्या बाबतीत इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आयबीची किंवा मानमोडीची (राणीखेतची) जिवंत लस म्हणजे सौम्य केलेला विषाणूच असतो. तोही श्वासनलिकेत वाढतो, लवेला थोडा धक्का देतो. म्हणून लस दिल्यावर तीन ते पाच दिवसांनी पिल्लं थोडी शिंकतात. कळप निरोगी असेल, हवा चांगली असेल आणि प्रत्येक पिल्लाला पूर्ण मात्रा मिळाली असेल, तर हा त्रास काही दिवसांत संपतो. पण अर्ध्याच पिल्लांना लस पोहोचली, तर लशीचा विषाणू त्यांच्याकडून उरलेल्यांकडे फिरत राहतो आणि शिंका दोन-दोन आठवडे थांबत नाहीत. त्या सगळ्या दिवसांत दार किलकिलं असतं. याचा अर्थ लस देऊ नये असा कुणी काढू नये. लस नसेल तर खरा, जहाल विषाणू तेच दार सताड उघडतो. लस दिल्यावर काम संपलं असं मानू नये, एवढंच. पुढचा आठवडा हा पिल्लांना सर्वात जास्त जपायचा आठवडा आहे.

पाय रोवायला जागा

केरसुणी बंद पडणं हा नुकसानीचा एक भाग झाला. वरच्या पेशी गळाल्या की खालचा थर उघडा पडतो. त्या थरात फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं असतात आणि अनेक जिवाणूंना नेमकी त्यांनाच धरून राहता येतं. धडधाकट भिंतीवरून घसरणाऱ्याला पोपडे उडालेल्या भिंतीवर बोटं रुतवायला जागा मिळावी, तसं हे होतं. इन्फ्लुएन्झा आणि मानमोडीच्या विषाणूंकडे आणखी एक हत्यार आहे. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. हे विषाणू आपल्या विकरानं ते टोक कापतात. विषाणूला ते पेशीतून सुटून बाहेर पडण्यासाठी कापायचं असतं, पण त्यामुळे खाली झाकलेली, जिवाणूंना चिकटण्याजोगी जागा उघडी होते.

शिवाय मेलेल्या पेशी, त्यांच्यातून झिरपलेला द्रव, प्रथिनं हे सगळं जिवाणूंसाठी आयतं खाद्य. ज्या मार्गावर एरवी त्यांना काही मिळत नाही तिथं मेजवानी मांडलेली असते.

आता या नात्याची दुसरी बाजू. जिवाणूही विषाणूची परतफेड करतो. कमी घातक बर्ड फ्लूचे विषाणू, उदाहरणार्थ एच९एन२, पेशीत शिरण्याआधी त्यांच्या अंगावरचं एक प्रथिन विशिष्ट जागी कापलं जावं लागतं. ते कापणारी विकरं पक्ष्याच्या श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, शरीरात इतरत्र फारशी नसतात. म्हणून हा विषाणू त्या दोन ठिकाणीच अडकून राहतो. पण काही जिवाणू स्वतःच तशी विकरं सोडतात. १९८७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की स्टॅफिलोकोकसच्या काही वाणांची विकरं इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचं हे प्रथिन कापून देतात, आणि दोघांची लागण एकत्र झाली की आजार खूप बळावतो. शेडमध्येही हाच अनुभव येतो. एच९एन२ एकटा असेल तर नुसती सर्दी आणि अंड्यांत घट. ई. कोलाय किंवा मायकोप्लाझ्मा सोबतीला असेल तर मात्र पक्षी ढिगानं मरतात. म्हणजे गोष्ट एका चोरानं दुसऱ्याला दार उघडून देण्याइतकी सरळ नाही. आत गेल्यावर दोघं एकमेकांना खांदा देतात.

मायकोप्लाझ्माचं नाव आलंच आहे तर तेही इथंच सांगतो. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा पेशीभित्ती नसलेला जिवाणू. तो कळपात महिनोन् महिने दबून राहतो आणि आईकडून अंड्यातून पिल्लातही येतो. तोही लवेला इजा करतो. मायकोप्लाझ्मा आधीपासून दबा धरून, वरून आयबी किंवा मानमोडी, त्यावर ई. कोलाय, अशी तिहेरी गाठ पडली की ज्याला आपण जुनाट सर्दी, सीआरडी म्हणतो त्याचं सर्वात वाईट रूप समोर येतं. यातल्या फक्त शेवटच्यावर औषध चालवून उरलेले दोघं कसे जातील?

फौजच बिथरते

बरीच वर्षं असं समजलं जायचं की विषाणूमुळे भक्षक पेशी लुळ्या पडतात, जिवाणू मारले जात नाहीत, म्हणून आजार वाढतो. काही विषाणूंच्या बाबतीत ते खरंच आहे. गंबोरो, मानमोडी यांचे विषाणू भक्षक पेशींनाही ग्रासतात. पण आयबीनंतर ई. कोलाय दिलेल्या ब्रॉयलरवरच्या काही प्रयोगांत वेगळंच चित्र दिसलं. जिवाणू हटवण्याची क्षमता फारशी कमी झालेली नव्हती. बिघाड झाला होता तो प्रतिकाराच्या मात्रेत. विषाणूनं आधीच चेतवलेली यंत्रणा जिवाणू दिसताच गरजेपेक्षा जास्त पेशी आणि दाह घडवणारी रसायनं ओतत होती. नुकसान जितकं जिवाणूनं केलं तितकंच, कदाचित जास्त, पक्ष्याच्या स्वतःच्या दाहानं केलं.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. औषधानं जिवाणू मेले तरी पक्षी का सुधारत नाही, याचं एक कारण त्यात सापडतं. एकदा पेटलेला दाह जिवाणू मेल्याबरोबर विझत नाही. साठलेला चोथा विरघळत नाही. आणि वाढीसाठी वापरायची ताकद त्या लढाईत खर्ची पडते, म्हणून वाचलेले पक्षीही लहान राहतात.

गंबोरो: शेडमध्ये शांतता, आत विध्वंस

आतापर्यंतची गोष्ट श्वासमार्गाची होती. काही विषाणू मात्र वेशीवर न थांबता थेट शस्त्रागारात शिरतात.

कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, पाठीकडे, द्राक्षाएवढी एक पिशवी असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं. म्हणून तिचं नाव बर्सा ऑफ फॅब्रिशियस. पुढची तीनशेहून जास्त वर्षं ती कशासाठी आहे हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. १९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोवळ्या पिल्लांची बर्सा काढून टाकायचा आणि पुढं काय होतं ते बघायचा. काहीच होईना. पिल्लं छान वाढली. पुढं टिमोथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात अँटीबॉडी तयार होताना दाखवायच्या होत्या. त्याला कोंबड्या हव्या होत्या, त्यानं ग्लिकच्या नेल्या आणि त्यांना साल्मोनेला या जिवाणूचं अँटिजेन टोचलं. बर्सा काढलेल्या बहुतेक पक्ष्यांत अँटीबॉडी तयारच झाल्या नाहीत. १९५६ साली पोल्ट्री सायन्स या नियतकालिकात हा निबंध छापून आला. अँटीबॉडी बनवणाऱ्या ज्या पेशींना आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी बी-पेशी म्हणतो, त्यातला ‘बी’ या बर्सावरून आला आहे. माणसांच्या वैद्यकाला कोंबडीनं दिलेली ही देणगी फार थोड्यांना माहीत असते.

गंबोरोचा विषाणू नेमक्या याच पिशवीवर चालून जातो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावावरून आजाराला हे नाव पडलं. बर्सातल्या कोवळ्या बी-पेशी त्याचं खाद्य. लागण झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्सा सुजते, तिचं वजन दुप्पट होतं, वर पिवळसर, पाणीदार आवरण येतं, कधी आत रक्ताच्या रेषा दिसतात. पाचव्या दिवशी वजन पूर्ववत. आठव्या दिवशी ती मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उरते. म्हणजे योग्य दिवशी पक्षी उघडला तर निदान डोळ्यांसमोर असतं आणि नेमका पाचवा दिवस सापडला तर बर्सा साधारण वाटून हातातून निसटतं.

तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यांत गंबोरो उघड दिसतो. पक्षी मलूल होतात, पांढरी पातळ हगवण लागते, मरतात. त्याहून कोवळ्या पिल्लांत तो सहसा काहीच दाखवत नाही. पिल्लू खातं-पितं, हिंडतं. आणि तिथंच सर्वात मोठं नुकसान होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बी-पेशी बर्सात तयार होऊन शरीरभर वस्तीला जात असतात. त्याआधीच कारखाना जळाला तर ती कोंबडी आयुष्यभर दुबळी राहते. मानमोडीची लस वेळेवर दिली तरी तिला पुरेशा अँटीबॉडी तयार करता येत नाहीत. आतड्यातला ई. कोलाय, गादीतला क्लॉस्ट्रिडियम, कातडीवरचा स्टॅफिलोकोकस, ज्यांच्याकडे निरोगी पक्षी ढुंकूनही बघत नाही, ते तिच्यासाठी जीवघेणे ठरतात. पाचव्या आठवड्यात ई. कोलायनं मरतुक सुरू होते, तेव्हा दुसऱ्या आठवड्यातल्या त्या शांत दिवसांची आठवण कुणाला असणार?

म्हणून पैदाशीच्या कोंबड्यांना गंबोरोविरुद्ध भरपूर लस देतात. आईच्या अँटीबॉडी अंड्याच्या बलकातून पिल्लाला मिळतात आणि पहिले काही आठवडे ढालीचं काम करतात. पिल्लाची लस मात्र या ढालीशी जुळवून द्यावी लागते. लवकर दिली तर आईच्याच अँटीबॉडी लस निकामी करतात, उशीर केला तर मधल्या फटीत खरा विषाणू शिरतो. हा विषाणू चिवट आहे, रिकाम्या शेडमध्येही महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे ती फट किती दिवसांची आहे याला फार महत्त्व आहे.

चिकन अॅनिमिया व्हायरस याच वाटेनं जातो, फक्त त्याचा रोख अस्थिमज्जेवर आणि थायमस या ग्रंथीवर. जपानमध्ये १९७९ साली तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. मज्जेतल्या मूळ पेशी मेल्या की रक्त पाण्यासारखं फिकं होतं आणि थायमसमधल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, मेल्या की जिवाणूंना मोकळं रान. पंखांच्या टोकांची कातडी निळी-काळी पडून सडते. ती सडवतात क्लॉस्ट्रिडियम आणि स्टॅफिलोकोकस, पण त्यांना तिथवर आणतो हा विषाणू. साधारण दोन आठवड्यांनंतर पिल्लं त्याच्यामुळे दिसण्याजोगी आजारी पडत नाहीत. गंबोरो सोबत असेल तर मात्र वयाचं हे संरक्षणही मोडतं. मरेक्सचा विषाणूही प्रतिकारशक्ती खचवतो. त्यावर इथं थांबत नाही, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

माणसांनीही हीच चूक केली होती

जो जिवाणू सापडला तोच गुन्हेगार, असं समजण्याची चूक फक्त कोंबड्यांच्या बाबतीत झालेली नाही. १८९२ साली जर्मनीत रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू पाहिला आणि फ्लूचं कारण हेच असं जाहीर केलं. त्या जिवाणूचं नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आहे. माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३ साली हाती लागला. १९१८ च्या साथीत मेलेल्या माणसांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले तेव्हा बहुतेकांचा जीव जिवाणूंच्या न्यूमोनियानं गेल्याचं दिसलं. विषाणूनं वाट करून दिली होती.

शेडमध्ये ही चूक होणं आणखी सोपं आहे. ई. कोलाय कुठल्याही साध्या माध्यमावर एका रात्रीत वाढतो. विषाणू शोधायला पीसीआर लागतं, आणि पक्षी मरेपर्यंत विषाणू बऱ्याचदा श्वासनलिकेतून निघूनही गेलेला असतो. त्यात मेलेला पक्षी थोडा वेळ तसाच पडला तर आतड्यातला ई. कोलाय सगळीकडे पसरतो आणि तपासणीत सापडतोच. म्हणून नमुना ताजा हवा आणि तो हृदयातून किंवा अस्थिमज्जेतून घेतलेला हवा. ई. कोलायचे सगळे वाण दुबळे असतात असंही नाही. ओ१, ओ२, ओ७८ या गटांतले काही वाण चांगलेच जहाल असतात. पण त्यांनाही आधी उघडलेलं दार मिळालं तर त्यांचं काम सोपं होतं.

मग शेडमध्ये काय करायचं

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पहिली शिंक ऐकली की ते पाण्यात पडतं. पशुवैद्यकानं तपासून, संवेदनशीलता चाचणी करून दिलेल्या औषधाला जागा आहे. जिवाणूचा हल्ला सुरू झाला असेल तर ते जीव वाचवतं. पण लव उगवलेली नसताना थांबवलेलं औषध म्हणजे पुन्हा उघडं दार. आणि दर बॅचला तेच औषध दिलं की शेडमधल्या धुळीत त्याला दाद न देणारे वाण उरतात. ते पुढच्या बॅचला मिळतात, तिथं काम करणाऱ्या माणसांनाही.

हवेकडे लक्ष देणं स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग सर्वात जास्त होतो. ओल्या गादीतून सुटणारा अमोनिया लवेला तसाच लुळा करतो जसा विषाणू करतो. विषाणू आणि अमोनिया एकत्र आले तर नवी लव उगवणंही लांबतं. जास्त दाटीनं ब्रॉयलर ठेवणाऱ्या शेडसाठी युरोपीय संघानं २००७ साली अमोनियाची मर्यादा २० पीपीएम ठरवली आणि तो पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर मोजायचा असं नियमातच लिहिलं. ही उंची महत्त्वाची आहे. आपण उभे असतो, आपलं नाक पाच फुटांवर असतं. सकाळी शेडमध्ये गेल्यावर गुडघ्यांवर बसा, तोंड गादीच्या वीतभर वर न्या आणि दोन मिनिटं शांत श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लं रात्रभर त्यातच होती. नाकही फार लवकर सरावतं, म्हणून हे आत शिरल्या शिरल्या करायचं. थंडीत ऊब टिकवण्यासाठी पडदे बंद ठेवायचा मोह होतो आणि सर्दीच्या साथी नेमक्या तेव्हाच वाढतात.

लस दिल्यानंतरच्या आठवड्यात पडदे, पंखे, पाण्याच्या गळक्या निपल यांच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं. त्या आठवड्यात पक्षी हलवणं, खाद्य बदलणं, गादी उकरून धूळ उडवणं टाळता आलं तर टाळावं.

आणि शेडच्या दाराशी एक वही टांगावी. रोजची मरतुक आणि पाणी-खाद्य बहुतेकजण लिहितातच. त्यात आणखी एक ओळ घालायची. रात्री दिवे बंद केल्यावर पाच मिनिटं शेडच्या मध्यभागी उभं राहून काय ऐकू आलं ते: काहीच नाही, दोन-चार शिंका, डावीकडच्या कोपऱ्यात घरघर. शिंका सुरू झालेल्या दिवशीच चार-पाच शिंकणाऱ्या, जिवंत पक्ष्यांच्या घशातून स्वॅब घ्यायला पशुवैद्यकाला बोलवावं आणि थोड्या पक्ष्यांचं रक्त काढून ठेवावं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त काढून दोन्ही नमुन्यांतल्या अँटीबॉडींची तुलना केली की कुठला विषाणू येऊन गेला ते कळतं. पुढच्या बॅचची लस त्यावरून ठरवता येते. त्या दिवशी एकही पक्षी मेलेला नसतो, म्हणून फोन करावासा वाटत नाही. तो फोन त्याच दिवशी करायचा.